खुंटीवरचं फावडं

मणिपूरच्या दंगलीबद्दल म्हणाल, तर पवनीच्या कॉलेजातल्या चाळीस पोरापोरींना सगळं ठाऊक होतं. मोबाइलवर पाहिलं होतं ना! विद्यापीठानं त्यावर तीन शनिवारांची कार्यशाळा लावली आणि नागपूरहून भुपेंद्र सर शिकवायला आले, तेव्हा पहिल्या तासाभरातच चूक कोणाची याचा निकाल लागूनही गेला. सरांनी निमूट ऐकून घेतलं. मग प्रत्येकाला वहीचं पान मधोमध दुमडायला लावलं. डावीकडे स्वतः पाहिलेलं लिहायचं, उजवीकडे ऐकलेलं. मोबाइलवरचं कुठे लिहायचं यावर अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी ते उजवीकडे गेलं आणि चाळीसही वह्यांची डावी बाजू कोरी राहिली.

दुसऱ्या शनिवारी तिथल्या दोन बायकांचं बोलणं वाचायला मिळालं. एक डोंगरातली, एक खोऱ्यातली, म्हणजे भांडणाच्या दोन बाजूंच्या, दोघी घर सोडून छावणीत राहिलेल्या. मग सर म्हणाले, "आता आपापल्या गावातलं एखादं जुनं भांडण घ्या. पलीकडच्या बाजूला जाऊन विचारा. आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला जाऊन सांगायचं नाही."

आसगावच्या उर्वशीला भांडण शोधत हिंडायची गरज नव्हती. तिच्या घरच्या ओसरीत ते खुंटीला टांगलेलं होतं. दांड्यावर खूण कोरलेलं एक फावडं. ते तिच्या मोठेबाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं, दादाजीचं. आठ वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता.

तलावाचं पाणी धानाला पाळीपाळीनं मिळे, आणि पाळी लावायचं काम दादाजीकडे होतं. त्या वर्षी पावसानं दगा दिला. टिकारामच्या, म्हणजे उर्वशीच्या बाबांच्या पाळीच्या दिवशी सकाळी पाहावं तर तुडूम, म्हणजे तलावातून पाणी सोडायचं तोंड, आधीच उघडलेलं आणि पाणी दादाजीच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, चाललेलं. संध्याकाळच्या सभेत टिकारामनं सांगितलं, "मी डोयानं पायलो. दादाजीनं खोललं." टिकाराम उगाच बोलणारा माणूस नव्हे. गावानं मान डोलावली, दादाजीचं काम काढून घेतलं आणि भावाभावांचं बोलणं तुटलं. दादाजीची मुलगी रेणू उर्वशीच्याच वर्गात होती, त्याच एसटीनं यायची, पण दोघी चार सीट सोडून बसायच्या. माझे बाबा पाहिल्याशिवाय बोलत नाहीत, हे उर्वशी शाळेपासून छाती फुगवून सांगत आली होती.

गुरुवारी बाबा शेतावर गेलेले पाहून ती वही घेऊन दादाजीकडे गेली.

"कोनं पाठवलं तुले? टिकारामनं?"

"नाई मोठेबाबा, कॉलेजच्या सरांनी."

दादाजी हसला. "मंग लिही. त्या दिवशी मी पयल्या गाडीनं पवनीले गेलो होतो. तुडूम कोन खोललं, मी नाई पायलो."

डावी बाजू कोरीच राहिली. वहीत नसलेला प्रश्न उर्वशीच्या तोंडून निघालाच, "मंग बाबा खोटं काहून सांगतीन?"

"तुहा बाप खोटं नाई बोलत, हे साऱ्या गावाले मालूम हाय," दादाजी म्हणाला. "त्यानं पायलो म्हटल्यावर माहं कोन आयकन?"

दोघांतला एक खोटा होता, आणि तो आपला बाप नसावा एवढंच मागत उर्वशी घरी आली.

घरी वेगळाच देखावा. ओसरीत रेणू बसलेली, मांडीवर तशीच दुमडलेली वही. आईनं, ललिताबाईनं, तिला पाहुण्यांच्या कपात चहा दिला होता. शेतावरून आलेले बाबा समोर मांडी घालून बसले होते.

"काका, तुमी डोयानं काय पायलं?" रेणू विचारत होती.

"दादाजीले तुडूम खोलतानी."

"त्याईच्या हातात काय होतं?"

"हा फावडा." त्यांनी खुंटीकडे बोट केलं.

रेणूनं लिहून घेतलं आणि मान वर केली. "मंग तो तुमच्यापाशी कसा आला?"

आठ वर्षांत हा साधा प्रश्न गावात एकालाही सुचला नव्हता. टिकाराम रेणूकडे न पाहता दारात उभ्या उर्वशीकडे पाहून म्हणाला, "तुडुमापाशी पडून होता. फावडा पायलो. मानूस नाई पायलो."

"बाबा!"

"फावडा त्याचा, मंग तोच आसन, असं वाटलं. सभेत तोंडातून 'पायलो' निघून गेलं. मंग मागं कसं घेऊ? लोकं माह्या शब्दावर चालत होते." तो रेणूकडे वळला. "लिही पोरी. अन् घरी तुह्या बापाले वाचून दाखवजो."

"नाई काका. सर म्हणते, एकाचं दुसऱ्याले पोचवाचं नाई. सांगाचं आसन त तुमीच सांगा."

उर्वशीला वडिलांचा राग आला, आणि त्यांची कीवही आली. ती काही बोलायच्या आत टिकाराम उठला. खुंटीवरचं फावडं उतरवलं, पंच्यानं त्यावरची धूळ पुसली, खांद्यावर टाकलं आणि चपला न घालताच निघाला.

तो कोपऱ्यावरून वळला न वळला तोच शेजारची उषाबाई डोक्यावरचा पदर सावरत अंगणात धावत आली.

"अवो पोरीहो, टिकाराम फावडा घेऊन दादाजीच्या घराकडे गेला! डोकं फोडाले चालला का भावाचं? थांबा, मी लोकाईले बोलावतो!"

"काकू," उर्वशीनं तिचा हात धरला. "तुमी काय पायलं?"

"आता सांगितलं ना! फावडा घेऊन चालला."

"मंग तेवढंच सांगा लोकाईले," उर्वशी म्हणाली, आणि पुढचं स्वतः पाहायला रेणूला घेऊन पळत सुटली.