घासून लख्ख झालेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. खाली पिवळट, वर तपकिरी आणि गळ्यापाशी टवका उडालेली. मी देखणी नाही, पण या बेकरीत माझ्यावाचून पान हलत नाही, हे मात्र ठणकावून सांगते.

बेकरीच्या मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांच्या वडिलांनी मला बाजारातून आणलं आणि माझ्या पोटात पावाचं खमीर ठेवलं. विरजण राखतात तसंच ते राखायचं असतं. रोज थोडं काढून कणकेत मिसळायचं आणि उरलेल्याला ताजं पीठ-पाणी द्यायचं. त्यामुळे मला आतून कधी कुणी घासलंच नाही. पावाची आंबूस चव माझ्या पोटातली. गिऱ्हाइकांनी वाहवा केली की काका मिशीत हसायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग ती आली. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला वर्षभराची सुट्टी घेतलेली पोर. पुस्तक उघडलं की तिला रडू फुटायचं. आईने समजून घेतलं, पण एक अट घातली. एका जागी टिकून काम करून दाखवायचं, नाहीतर पुढच्या सत्राला मुकाट्याने कॉलेज गाठायचं. औषधांच्या दुकानात ती जेमतेम आठवडाभर टिकली, शिकवणीत त्याहून कमी. काकांनी "महिनाभर बघू" म्हणून तिला ठेवून घेतलं. ते तिला कौतुकाने शास्त्रज्ञबाई म्हणायचे.

ती कणकेचे गोळे वळायची. माझं खाणंपिणं काका स्वतः बघत, त्यामुळे खमिराचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला मात्र ती फार आवडायची. जागेवरून हलवताना ती मला दोन्ही हातांनी धरायची.

एका दुपारी काका पीठ आणायला गेले. ओटा आवरताना तिला मी दिसले. काम झालं की भांडं घासून पालथं घालायचं, ही तिची प्रयोगशाळेतली शिस्त. माझ्या तळाचा गोळा तिला शिळा वाटला. तिने तो टाकला आणि मला साबणाने घासघासून लख्ख केलं.

काका आले, मला उचललं आणि पिठाच्या पोत्यावर मटकन बसले.

"अगं, हे काय केलंस!"

"काका, बरणी खराब झाली होती, म्हणून..."

"खराब? माझ्या वडिलांनी लावलेलं खमीर होतं ते!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी जन्मात पहिल्यांदा इतकी स्वच्छ झाले होते, आणि मला रडावंसं वाटत होतं.

आता ही पोर पिशवी उचलून निघणार, असं मला वाटलं. ती दारापर्यंत गेलीही. मग परत फिरली.

"काका, उद्यापासून येऊ नको म्हणालात तरी चालेल. पण मला एकदा प्रयत्न करू द्या."

माझ्या तोंडाला बांधायचं फडकं खुंटीवर तसंच लटकत होतं. त्यावर खमिराच्या कडक खपल्या धरल्या होत्या. तिने त्या नखाने खरवडून माझ्या पोटात टाकल्या, कोमट पाणी आणि चिमूटभर पीठ घातलं.

"वाळलेलं कसलं जिवंत होतंय?" काका पुटपुटले.

"मेलं नसेल हो, नुसतं थांबलं असेल."

काकांनी बाजारचं खमीर आणून काम भागवलं. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. ती रोज लवकर येऊन मला पीठ भरवायची आणि भट्टीजवळच्या उबेत ठेवायची. दोन दिवस काहीच घडलं नाही. तिच्याइतकीच मीही काळजीत होते. मग एका सकाळी माझ्या पोटात बुडबुडा आला, पाठोपाठ दुसरा.

"काका, धावत या!"

काकांनी नाक आत खुपसून वास घेतला. त्यांचे डोळे पाणावले.

"आता महिना कशाला बघायचा?" ते म्हणाले. "पक्की झालीस तू. आणि हिचं खाणंपिणं आजपासून तुझ्याकडे."

संध्याकाळी तिची आई दुकानात आली. कॉलेजचं विचारायला तिने तोंड उघडलं होतं. लेकीचे पिठाने माखलेले हात तिने पाहिले आणि दोन पाव मागितले.

मित्रांनो, जुनं भांडं घासण्याआधी आत कुणी राहतं का, तेवढं पाहा. आणि तुमच्या घरात कुणी थोडे दिवस थांबलं असेल, तर त्याला रोज "पुढे काय?" असं विचारू नका. जेवलास का, एवढंच विचारा.