रत्नाचं मशीन

वादळात भडगावच्या मळ्यात बाभूळ वाटेवरच आडवी पडली, तेव्हा रत्नाने झाड कापायचं मशीन घ्यायचं ठरवलं. दुकानदाराने पेट्रोलचं पुढे केलं. "ताई, हे दिवसभर चालतं."

तिने दोरी ओढून पाहिली. गेल्या वर्षी मोडलेला खांदा ठणकला. मशीन गप्पच.

"मी चालू करून देत जाईन," नवरा प्रेमराज म्हणाला.

"आणि तुम्ही ड्युटीवर असताना?" तिने बॅटरीचं उचललं. बटण दाबताच ते फिरलं. "माले हाईच लेनं शे. बॅटरी एक जास्तीची द्या."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मळ्यात गेली. निम्म्या खोडात बॅटरी संपली. तिने घाम पुसला आणि दुसरी बसवली. संध्याकाळी प्रेमराज आला, तेव्हा वाट मोकळी झाली होती आणि रत्ना लाकडं रचत होती.