तीन बाटल्या समुद्र

मनुष्याने सुट्टी कशासाठी घ्यावी, याविषयी थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले असेल. माझे शिक्षण पाचवीपर्यंतच झाले असल्यामुळे ते माझ्या वाचनात आलेले नाही. बोयाकाच्या डोंगरातील आमच्या गावच्या नगरपालिकेत मी एकोणीस वर्षे दरवानाची चाकरी करीत आहे. एवढ्या काळात प्रथमच मी दोन आठवड्यांची रजा मागितली, तेव्हा साहेब अत्यंत चिंतित होऊन म्हणाले, "बेलार्मिनो, तुम्ही नसलात तर दार कोण उघडणार?" ते दार दोन आठवडे रात्रंदिवस उघडेच राहिले आणि ही गोष्ट साहेबांसह कोणाच्याही ध्यानात आली नाही, हे मला मागाहून कळले.

एकट्याने सायकलवरून समुद्रापर्यंत जावे आणि विमानाने परत यावे, असा माझा बेत होता. आमच्याकडे मूल आधी सायकल चालवते व नंतर पायी चालू लागते. त्यामुळे गावात कोणास नवल वाटले नाही. माझ्या मातोश्री, दोन्या (म्हणजे बाईसाहेब) त्रान्सितो, यांस मात्र त्या बेतात आपला उपयोग तत्काळ दिसला. त्यांचे वय चौऱ्याऐंशी असून दोन्ही पाय घोट्यापाशी सुजलेले असतात. पायांच्या दुखण्यावर समुद्राचे पाणी हाच अखेरचा उपाय, अशी आमच्या डोंगरातील पक्की समजूत आहे. डॉक्टर हा त्याच्या अलीकडचा, किरकोळ उपाय होय.

"सुट्टी घ्या, हवी तेवढी घ्या," आई म्हणाल्या. आमच्या डोंगरात आई लेकालाही अहो-जाहो करते. आम्ही गाढवालासुद्धा मानानेच हाक मारतो. "पण येताना समुद्र आणा. पाय बुडतील एवढा. सातव्या लाटेचा, आणि तोही उपाशीपोटी भरलेला. सहाव्या लाटेचा आणलात तर तो तुमच्या सायकलीलाच पाजा."

अशा प्रकारे नऊशे किलोमीटर अंतरावरून पाणी भरून आणण्याच्या कामास आमच्या घरी सुट्टी असे नाव पडले.

बारा दिवसांत मी समुद्र गाठला. तेराव्या दिवशी दुपारी बारा वाजता विमान होते. पहाटे साडेपाचला सायकलच्या दोन बाटल्या आणि सरबताची अडीच लिटरची एक रिकामी बाटली घेऊन मी उपाशीपोटी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो व बोटांवर लाटा मोजू लागलो. जिच्या घरी मी रात्रीचा मुक्काम केला होता ती दोन्या एनिल्सा काठावर खुर्ची टाकून अंडे भरलेली मक्याची भाकरी खात बसली होती. तिच्या शेजारी उबाल्दो नावाचा कोळी जाळे आवरीत होता.

"ए काचाको!" तो ओरडला. "पाण्यात उभा राहून बोटं कसली मोडतोयस?"

राजधानीतल्या माणसास काचाको म्हणतात. मी त्यास नम्रपणे निवेदन केले की, मी काचाको नसून बोयाकाचा आहे.

"तेच ते. थंडीतलं माणूस."

"मी सातवी लाट मोजीत आहे."

"सातवी? मग पहिली कुठली धरलीस?"

"मी पाण्यात उतरल्यावर जी आली, ती."

"अरे बाबा, पहिली तर माझ्या खापरपणजोबाच्याही आधी येऊन गेली! आता तू कितीही मोज."

"उगाच छळू नकोस रे त्याला," एनिल्सा भाकरी चावत म्हणाली. "आईसाठी नेतोय तो. अरे ए, आत्ताची ती फुटकी लाट धरू नकोस हां. ती अर्धीच होती."

"अर्धी कशी? चांगली कमरेपर्यंत आली!"

"त्याच्या कमरेपर्यंत. तो आहेच बुटका."

किनाऱ्यावरील लोक ओळख होण्यापूर्वीच अरे-तुरेवर येतात आणि परक्याच्या अडचणीत आपले घरचे भांडण सोडवून घेतात. त्या दोघांचा वाद मिटेपर्यंत मी तीन वेळा सातपर्यंत पोहोचलो व तिन्ही वेळा त्यांनी मला पुन्हा एकपासून आरंभ करावयास लावला. चौथ्या खेपेची सातवी लाट मला आडवे पाडून गेली. उठून पाहतो तो तिन्ही बाटल्या काठोकाठ भरलेल्या होत्या. हा शुभशकुन समजून मी झाकणे घट्ट लावली.

विमानतळ अठ्ठावीस किलोमीटरवर होता. वाटेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या एका गृहस्थांस मी अंतर विचारले. त्यांनी हात उचलण्याचे कष्ट न घेता ओठांचा चंबू करून दिशा दाखवली. "हे काय, इथंच. सगळा सपाट रस्ता." एका तासानंतर दुसऱ्या गृहस्थांनी तशाच ओठांनी तेच सांगितले. रस्ता खरोखरच सपाट होता. उभा होता तो वारा. आमच्या डोंगरात चढ निदान डोळ्यांना दिसतो आणि कधीतरी संपतो. समुद्रावरचा वारा ही सभ्यता पाळीत नाही. तरीही साडेनऊला मी विमानतळाजवळच्या फ्रिजच्या दुकानातून खोके मिळवले, सायकलची चाके काढून ती आत बसवली, तिन्ही बाटल्या सांगाड्यास दोरीने बांधल्या आणि माझ्या आयुष्यातील पहिल्या विमानप्रवासास सिद्ध झालो.

तपासणीच्या टेबलामागे यार्लेनिस नावाची एक तरुण तपासनीस होती. तिच्याजवळ एक कुत्रा होता. त्याने माझे खोके हुंगले, त्यावर डोके ठेवले व तो झोपी गेला. त्या इमारतीत माझ्याविषयी कसलाही संशय नसलेला तेवढा एकच जीव होता.

"काका, ह्या बाटल्यांत काय आहे?"

"समुद्र."

"ते नाव झालं. आत काय आहे?"

"आतही समुद्रच आहे, बाईसाहेब."

"हे बघ काका, इथून लोक बाटलीतून काय काय नेतात ते मला शिकवू नकोस. लेबल नाही, रंग नाही. आणि समुद्र कोण नेतं रे? तो इथंच असतो."

"म्हणूनच न्यावा लागतो. आमच्याकडे तो नाही."

या युक्तिवादाचा तिने क्षणभर विचार केला. "बरं. पिऊन दाखव."

मी एक घोट घेतला. माझ्या तोंडाच्या वेदनेपेक्षा, आईच्या पायांच्या वाट्याचा एक घोट कमी झाला, याचे दुःख मोठे होते. मी हे स्पष्ट केले, तेव्हा ती म्हणाली, "आता दुसऱ्या बाटलीतला." मग तिसऱ्या बाटलीतला. प्रत्येक बाटली स्वतंत्र आरोपी होती. एवढ्यात तिचे सार्जंट आले.

"सर, ह्या काकांनी पिऊन दाखवलं."

"मी पाहिलं का?"

"नाही, सर."

"मग प्यायले कुठं?"

मी सार्जंटसमोर पुन्हा तीन घोट घेतले. ते समाधानाने म्हणाले, "समुद्रच आहे," आणि जणू त्यांनीच त्याचा शोध लावला असावा, अशा थाटात निघून गेले. अडीच लाख पेसोंच्या, बारा दिवस मातीत लोळलेल्या सायकलीकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिले नाही. तिच्या पोकळ नळ्यांत मी काय वाटेल ते नेऊ शकलो असतो; पण माझ्या शिक्षणाची मर्यादा मी आरंभीच सांगितली आहे.

विमान सुटावयास चाळीस मिनिटे उरली होती. खोके स्वीकारणारी मुलगी फार गोड बोलत होती.

"साहेब, खोक्यात पातळ पदार्थ चालत नाही. मागच्या महिन्यात एका बाईच्या चीजचं पाणी गळलं आणि कुणाच्या तरी लग्नाच्या कोटावर गेलं. नवरा मुलगा बोहल्यावर चीजच्या वासाचा उभा."

"मग मी हे हातात घेतो."

"हातात एकच बाटली. एक लिटरच्या आतली. बाकीची तिथं ओता." तिने ओठांनी बेसिन दाखवले.

आईंनी पाय बुडतील एवढा समुद्र मागितला होता. आता पाऊण लिटर नेण्याची मुभा मिळत होती. बेसिनपाशी मी मोठी बाटली उलटी धरली, पण माझ्याने ते ओतवेना. फरशी पुसणारी एक बाई हे पाहत होती.

"काय झालं रे? कुणाच्या अस्थी आहेत का त्यात?"

"समुद्र आहे. आईच्या पायांसाठी."

"अगं बाई! मग गटारात नको. माझ्या बादलीत ओत, फरशी पुसून काढते. पायांखालीच जाईल ना."

मी मोठी बाटली व एक लहान बाटली तिच्या बादलीत रिकामी केली. तिने माझ्यासमोर त्याच पाण्याने फरशी पुसली. त्या विमानतळाच्या फरशीस पायदुखीचा त्रास असलाच, तर तो त्या दिवशी समूळ गेला असावा.

विमान आकाशात गेल्यावर ढग कसे दिसतात, याचे वर्णन करण्याची मला फार इच्छा होती. समुद्राच्या पाण्याचे दोन घोट पोट साफ करण्यास पुरेसे असतात, असे आमच्याकडे म्हणतात. माझे सहा झाले होते. त्यामुळे एक तास दहा मिनिटांचा तो प्रवास मी विमानाच्या शौचालयात केला. छातीशी बाटली होतीच. ती बाहेर सोडण्याइतका विश्वास माझा आता कोणावरही उरला नव्हता.

"साहेब, विमान उतरतंय, कृपया बसून घ्या," बाहेरून हवाई सुंदरीने दार ठोठावले.

"बसलेलाच आहे," मी उत्तर दिले.

राजधानीतून बसने तीन तास. सूर्य मावळण्याच्या सुमारास मी घरी पोहोचलो. आईंनी बाजारातून सर्वांत मोठे घमेले आणवून ओसरीत मांडले होते आणि लोकरीची घोंगडी गुडघ्यापर्यंत ओढून, पाय उघडे टाकून त्या तयारीत बसल्या होत्या. मी बाटली उपडी केली. घमेल्याच्या तळाला बोटभरही पाणी झाले नाही.

आईंनी वाकून पाहिले. "हा समुद्र?"

"समुद्राचा अंश आहे. बाकीचा विमानतळावर राहिला."

मी सर्व वृत्तान्त सांगितला: तीन घोट, सार्जंटचे तीन घोट, चीज, बादली. आई शेवटपर्यंत घमेल्याकडेच पाहत होत्या. मला अपराधी वाटू लागले. मी म्हणालो, "आई, पुढच्या वर्षी पुन्हा जाईन. रजा मागेन."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. पाव भाजायचा तो लांब डबा आणा."

मी डबा आणला. आईंनी घमेल्यातले पाणी थेंबही न सांडता त्यात ओतावयास लावले आणि डावा पाय आत ठेवला. डबा अरुंद असल्यामुळे पाणी वर चढले आणि घोट्यास लागले. तपासनीस, सार्जंट, काउंटरवरची मुलगी, इतक्या पगारी डोक्यांना जे सुचले नव्हते, ते माझ्या आईंना पाव भाजण्याच्या डब्याकडे पाहून सुचले.

"थंड आहे," त्या म्हणाल्या.

"तिकडे गरम होता. वाटेत निवला."

त्यांनी डोळे मिटले. पाय तसाच ठेवून त्या बराच वेळ बसल्या. चेहऱ्यावरून दुखणे कमी झाले की वाढले, हे काही कळेना. मग त्यांनी पाय उचलला, माझ्या खांद्याला धरून पुसून घेतला व म्हणाल्या, "उजवा उद्या. पाणी टाकू नका."

"आई, हेच पाणी? वापरलेलं?"

"अहो, तिकडे समुद्रात काय रोज पाणी बदलतात?"