घरात पुरुष आहे का?

"दोन्या एतेल्विना, आपल्या घरात कोणी पुरुष उपस्थित आहेत का?"

"कोंबडा आहे," मी आतून ओरडले. "चालेल?"

दारात दोघं उभे. पांढरे सदरे, गळ्यात टाय, खिशावर नावाची काळी पाटी आणि डोक्यावर आमच्या फेरेन्याफे गावाचं भर दुपारचं ऊन. विचारणारा तो उंच ग्रिंगो, म्हणजे गोरा परदेशी, एल्डर हॅस्लम. त्याच्यामागे हसू दाबणारा एल्डर अरिसागा, इक्वेडोरचा. एल्डर म्हणजे त्यांच्या भाषेत वडीलधारा. ओठावर धड मिसरूड नाही आणि म्हणे वडीलधारा!

"सूप निवतंय. या आत."

"आम्हांला परवानगी नाही, सेन्योरा." हॅस्लम पुस्तकातलं वाचल्यासारखं बोलायचा. मान उकडलेल्या खेकड्यासारखी लाल झाली होती.

या मॉर्मन पंथाच्या प्रचारक पोरांचा नियमच तसा. एकट्याने हिंडायचं नाही, जोडीदाराला नजरेआड करायचं नाही, आणि ज्या घरात नुसतं बाईमाणूस आहे तिथे पाऊल टाकायचं नाही. माझं वय त्यांच्या आजीएवढं, दोन्ही गुडघे गेलेले, आणि धोका म्हणे माझा! नवरा गेल्यावर हे घर मी ओढलं. चार पोरं वाढवली, स्वतः शिडीवर चढून छपराचे पत्रे ठोकले. पण मोजायला गेलं तर घर रिकामं.

मी त्यांच्या चर्चची नाही, कॅथलिक आहे. माझ्या भिंतीवर आयाबाकाच्या देवळातला हात बांधलेला बंदिवान येशू आहे आणि तो तिथेच राहणार. त्यांच्या पाद्र्याची बायको एकदा म्हणाली, पोरांचं दुपारचं जेवण तुम्ही बघाल का, तुमच्या हाताला चव आहे. चव आहे हे खरंच, म्हणून हो म्हटलं.

मी दारात येऊन कोपऱ्याकडे तोंड केलं. "नेमेसियोऽऽ! ऊठ! सूप झालंय!"

नेमेसियो माझा धाकटा दीर. भाताच्या गिरणीत पोती वाहिली, लग्न केलं नाही, आणि आता कोपऱ्यावरच्या चिचाच्या घरात बसून असतो. तिथे चिचा, म्हणजे मक्याची दारू, आंबली की दारातल्या काठीला पांढरं फडकं लागतं, आणि फडकं लागलं की नेमेसियो लागतो. तोंड पुशीत आला.

"आला, आला. पुरुष आला," म्हणाला. "आता जेवा बिनघोर."

आयुष्यात स्वतःचं ताट न उचललेला माणूस येऊन खुर्चीत बसला, तेव्हा कुठे ती पोरं उंबरा ओलांडून आत आली. नेमेसियोला या कामाचा पहिला वाटा लागायचा. बदकाची तंगडी.

"वहिनी, तू राबतेस," तो चघळत म्हणाला, "पण घर माझ्यावर उभंय."

"घर नाही, तू खुर्चीवर बसलायस. तीही माझीच."

अरिसागा खो खो हसला. हॅस्लम नाही हसला. त्याने चमचा खाली आपटला.

"मला एक सांगा, सेन्योरा. लोक खोटं का बोलतात?"

"आता कुणी काय केलं तुझं?"

"समोरच्या शिंपिणीने सांगितलं, उद्या या. गेलो. ती म्हणाली, उद्या या. परत गेलो. काल तिने दार उघडलं आणि मला म्हणाली, सेन्योरा घरी नाहीत."

"शिंपीण म्हणाली? स्वतः?"

"स्वतः! तोंडात टाचण्या धरून! नको असेल तर 'नको' म्हणावं. आमच्याकडे दार आपटतात. कुत्रा सोडतात. पण समजतं तरी!"

"तोंडावर नको म्हणायला आम्ही काय रानटी आहोत?" नेमेसियो दुखावला. "पाहुणा माणूस उन्हातून दाराशी आला. त्याला नाही कसं म्हणायचं? उद्या या म्हणायचं. तो समजतो, आपण समजतो."

"मी नाही समजत."

"मी सांगते तोंडावर," मी म्हटलं. "मला नाही कुणाची भीड. तुला हे सूप आवडत नाही, तरी तू रोज छान आहे म्हणतोस. आता खोटं कोण बोललं?"

पोराने सूपाचा एक मोठा चमचा तोंडात घातला.

त्याचं खरं दुखणं वेगळं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. सोमवार त्यांचा कपडे धुण्याचा आणि घरी फोन करायचा दिवस. माझ्या ओट्यावर बसून तो बोलायचा. पलीकडे त्याचे वडील, बटाट्याच्या शेतात उभे. मोठे शेतकरी म्हणे. बटाटा आमच्या डोंगरातला, आणि ऐट अशी की जसा काही त्यांनीच शोधून काढला! त्यांची भाषा मला कळत नाही, पण बाप काय विचारतो ते पोराच्या खांद्यांवरून कळायचं. थोरल्या दोन भावांनी परदेशी जाऊन कितीतरी माणसं पाण्यात बुडवून, म्हणजे बाप्तिस्मा देऊन, चर्चमध्ये आणली होती. याने पायताणं झिजवली, कुत्र्यांकडून विजारी फाडून घेतल्या, आणि पदरात एकही माणूस नाही. आमच्या अख्ख्या गावाने गोड बोलून त्याच्या तोंडाला पानं पुसली होती.

एका सोमवारी तो फोनवरून आत आला तेव्हा डोळे सुजलेले. जेवणाआधीची प्रार्थना म्हणायची पाळी त्याची. निम्म्यातच तो रडू लागला. अरिसागा खाली मान घालून बसला. सूपाच्या भांड्याचं झाकण हातात धरून मी तशीच उभी.

तेव्हा नेमेसियोने तंगडी खाली ठेवली. "मला घ्या की तुमच्यात," तो म्हणाला.

"चिचा सोडावी लागेल," मी म्हटलं. "कॉफीसुद्धा."

"सोडली."

हॅस्लमने डोळे पुसले. असा हसला की मला वाटलं, अरे, दात चांगले आहेत की याचे.

आणि खरोखर सोडली हो नेमेसियोने. हात थरथरायचे, रात्री घाम सुटायचा, पण फडकं दिसलं की हा बोळ बदलायचा. त्याचा कॉफीचा पेला मी फळीवर पालथा घातला. रोज दुपारी अंगणातल्या झाडाखाली हॅस्लम त्याला शिकवायचा, हा माना डोलवायचा. पोराच्या बोलण्यातला पुस्तकी खडखडाट जाऊ लागला. एकदा तर मला म्हणाला, "दोन्या एतेल, भात थोडा लागलाय बुडाला, पण आण." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. जीव सुखावला, पण ते सांगायचं नसतं.

बाप्तिस्म्याला शनिवार ठरला. चर्चमधून नेमेसियोसाठी पांढरे कपडे आले. विजार लांब होती, मी आखूड करून दिली. सकाळी तो दाढी करून, केस चापून बाहेर पडला. म्हणाला, "पुढे होतो. तू ये."

दुपारी मी चर्चच्या वाटेने निघाले आणि कोपऱ्यावर थबकले. फडक्याखालच्या बाकावर नेमेसियो. पुढ्यात भोपळ्याच्या कवटीत चिचा, काठोकाठ भरलेली. प्यायला नव्हता. पांढऱ्या कपड्यांचं गाठोडं मांडीवर.

"मेल्या, तिकडे हौद भरून ठेवलाय त्यांनी!"

"वहिनी, मला आईनं तान्हेपणीच आपल्या देवळात बाप्तिस्म्याचं पाणी लावून आणलंय. तापात होतो, तरी पदराखाली झाकून नेलं होतं. दुसऱ्यांदा बुडालो तर वर गेल्यावर ती मला ओळखायची नाही."

"मग हे त्या पोराला आधी सांगायला तोंड नव्हतं?"

"तोंडावर?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला चोरी करायला सांगतेय. "त्या दिवशी तो रडत होता गं. त्याला नाही म्हणायचं?"

"मी सांगते," मी म्हटलं. "आमच्या घराण्यात जीभ एकट्या मलाच दिलीय देवाने."

चर्चच्या मागच्या खोलीत फरशी बसवलेला हौद, कमरेएवढं पाणी. दहा-बारा माणसं बाकांवर, पाद्र्याची बायको केक झाकून बसलेली. हॅस्लम पायऱ्यांशी उभा. पांढरा सदरा, पांढरी विजार, अनवाणी. पायांना फोड आलेले. माझ्या चाहुलीने वळला आणि माझ्या खांद्यावरून मागे बघू लागला.

मी तोंड उघडलं. सगळं तयार होतं जिभेवर: तो येत नाही, कधीच येणार नव्हता, तुझी कीव आली म्हणून हो म्हणाला.

"उद्या येतो म्हणालाय," मी म्हटलं.

त्याने माझ्या खांद्यामागची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "उद्या."

"हो."

"समजलं, दोन्या एतेल."

तो पायऱ्या उतरून पाण्यात गेला, वाकला, खांद्यापर्यंत हात घातला आणि तळाचं बूच काढलं. पाणी जायला लागलं. बराच वेळ घोट घेतल्यासारखा आवाज येत होता, आणि तो तिथेच उभा. ओली विजार पायांना चिकटलेली. एकाही माणसाने केकवरचं फडकं उचललं नाही.

रविवारी संध्याकाळी त्याच्या बदलीचा निरोप आला. डोंगरात, चोताला. मंगळवारी पहाटेची बस. आणि नेमेसियोचा पत्ता नाही. शरमेने तो माझ्या दाराकडे फिरकलाच नव्हता.

सोमवारी दोघं जेवायला आले. दाराशी थांबले.

"घरात पुरुष आहे का?" हॅस्लमने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

मला असा संताप आला. कुणाचा, ते नका विचारू. नियमाचा, दिराचा, त्या पोराच्या बापाचा. शेवटचं जेवण, आणि मी याला उंबऱ्याबाहेरून घास वाढू? मी टेबल उचललं. अरिसागा धावला. आम्ही ते फुटपाथवर मांडलं, वर कांजी केलेला टेबलक्लॉथ घातला, जो मी फक्त मुलांच्या लग्नात काढला होता. शिंपीण खिडकीतून बघू लागली.

"काय बघतेस? ये जेवायला," मी ओरडले.

"उद्या येते, एतेल!" ती म्हणाली आणि खिडकी लावली. हॅस्लमच्या ओठाचा कोपरा हलला.

बदक घातलेला हिरवा भात वाढला. उन्हाने दोघांच्या कपाळावरचा घाम ताटात पडायला लागला. तेवढ्यात कोपऱ्यावरून नेमेसियो आला. धुतलेला सदरा, टोपी हातात. आमच्याकडे न बघता टेबलाच्या बाजूने गेला, उंबरा ओलांडला, आणि आत जिथे टेबल नव्हतं तिथे आपल्या खुर्चीत जाऊन बसला. हात मांडीवर. समोर नुसती मोकळी फरशी.

मग हॅस्लम उठला. आपलं ताट घेऊन आत गेला आणि तंगडी नेमेसियोच्या हातात दिली. आम्ही टेबल परत आत ओढलं.

शनिवारचा विषय निघाला नाही. पाण्याचा नाही, आईचा नाही.

"चोताला थंडी फार," नेमेसियो एवढंच म्हणाला. "पाय कोरडे ठेवा, एल्डर."

"ठेवतो, सेन्योर नेमेसियो."

निघताना हॅस्लम दारात घुटमळला. त्यांना बायकांना मिठी मारायची परवानगी नसते. हात पुढे केला, मी तो दोन्ही हातांत धरला. भाताचा वास माझ्या हातांना होता, आता त्याच्याही लागला असेल.

"उद्या येतो, दोन्या एतेल," तो म्हणाला. आमच्यातल्यासारखं, अगदी सहज.

"ये," मी म्हटलं. "तंगडी ठेवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी अरिसागाबरोबर एक नवं पोर दारात आलं, गोबऱ्या गालांचं, घाबरलेलं. त्याने विचारायच्या आत अरिसागा म्हणाला, "आहे, आहे. ये." नेमेसियो हाक न मारता आधीच येऊन बसला होता. माझ्या हातातल्या पळीकडे बघत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं,

"वहिनी, तो आज येणार होता ना?"

मी त्याचं ताट भरलं.

"उद्या," मी म्हटलं.