पुढे लावलेली दहा मिनिटं

"माऊस कुणी हलवला?"

घड्याळकाकांनी हे विचारलं तेव्हा सून इस्त्रीच्या कपड्यांची चळत घेऊन हॉलमधून चालली होती आणि मुलगा सोफ्याखाली वाकून बूट शोधत होता.

"काल मी तो टेबलावरच्या या ओरखड्याला चिकटून ठेवला होता. आता बघा, बोटभर सरकलाय."

"बाबा, तो माऊस आहे," मुलगा सोफ्याखालूनच म्हणाला. "हलवायलाच असतो तो."

"माझ्याच हातून सरकला असेल," सून म्हणाली. "रोज टेबल पुसते ना मी."

"रोज?" काकांनी विचारलं, आणि तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

सून आत गेली. काकांनी माऊस परत ओरखड्याला चिकटवून ठेवला.

त्यांना घड्याळकाका म्हणत ते त्यांच्या नोकरीमुळे. वीज कंपनीच्या मशीनरूममध्ये त्यांनी उभी हयात काढली. तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांची घड्याळं एका वेळेवर ठेवायची, एवढंच त्यांचं काम. ऐकणारा विचारायचा, "म्हणजे चावी देता का?" मग काका समजावत बसायचे. कॉम्प्युटरच्या आतलं घड्याळ साधंच असतं, थोडं पुढे नाहीतर थोडं मागे पळतं. म्हणून तो सारखा बाहेरच्या एका खात्रीच्या घड्याळाला वेळ विचारतो आणि स्वतःची चूक दुरुस्त करतो. कुणी कुणाला विचारायचं आणि कुणावर किती विश्वास ठेवायचा, हे काका ठरवून देत.

बाहेर असा काटेकोर असलेला हा माणूस घरी मात्र कायम उशीर करणारा. मुलगाही त्याच वळणावर गेलेला. म्हणून त्यांच्या बायकोने हॉलमधल्या कॉम्प्युटरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून घेतलं होतं. कुणी वापरत नसलं की त्या पडद्यावर मोठ्या आकड्यांत वेळ दिसायची आणि सगळं घर त्या वेळेवर धावायचं. वेळ खोटी आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी प्रत्येकजण धावायचा.

"तुमच्या ऑफिसला जगाची वेळ लागते," ती म्हणाली होती. "माझ्या घराला माझी वेळ लागते. लावून द्या."

काकांनी लावून दिली. कॉम्प्युटर बाहेर वेळ विचारायला गेला की खरं काय ते त्याला कळणार, म्हणून त्याचं ते विचारणंच त्यांनी बंद करून टाकलं. एखाद्या यंत्राला जाणूनबुजून खोटं बोलू देण्याची त्यांची ती पहिली आणि शेवटची वेळ.

गेल्या थंडीत ती गेली. पडद्यावर तिची दहा मिनिटं तेवढी राहिली.

आणि आता तीही कमी होत होती. एकदा सहज मोबाइलशी ताडून पाहिलं तर दहाची नऊ झालेली. काकांना वाटलं, आपलाच चष्मा बदलायला झालाय. तीन-चार दिवसांनी पाहिलं तर साडेसहा. कुणीतरी रोज थोडी थोडी मिनिटं काढून घेत होतं.

मुलगा कॉम्प्युटरला हात लावत नसे. सून मात्र दुपारी त्यावर तिच्या शाळेचं काम करायची. शिवाय गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी काका मनात जुळवू लागले. कपाटातला बायकोचा कप्पा रिकामा झाला होता. खिडकीतला तिचा चष्मा ड्रॉवरमध्ये गेला होता. तिची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती आणि तिच्यावर आता घड्या करायचे कपडे पडत होते. एकदम काही झालं नव्हतं. प्रत्येक वेळी थोडंसंच. काकांना वाटलं, सून हुशार आहे. एकदम सगळं काढलं असतं तर आपण ओरडलो असतो.

मग त्यांनी पाळत सुरू केली. दुपारी झोपल्याचं सोंग घेऊन ते आतल्या खोलीतून कीबोर्डचा आवाज ऐकत. चहाचं निमित्त काढून मध्येच बाहेर येत. सून दचकून म्हणायची, "मला हाक मारायची ना, बाबा!" ती दचकली, हेही काका मनात लिहून ठेवत.

रविवारी जेवताना ते फुटलंच.

"थोडं थोडं कशाला काढतेस?" ते ताटाकडे बघत म्हणाले. "एकदाच काढून टाक."

सुनेचा वाढायचा हात थांबला. "काय काढते मी?"

"तिची मिनिटं."

"बाबा, हे काय नवीन?" मुलगा म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस. तुला तुझे बूट सापडत नाहीत." ते सुनेकडे वळले. "आधी कप्पा, मग चष्मा, मग खुर्ची. आता घड्याळ. मला काय आंधळा समजतेस?"

सुनेने डाव भांड्यात ठेवला. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते अधिकच लागलं.

"कप्पा रिकामा केला तेव्हा तुम्हाला विचारलं होतं. 'कर' म्हणालात. चष्म्यावर धूळ बसत होती म्हणून आत ठेवला. आणि आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं मी केलं, बाबा. तेव्हा नाही तुम्ही माझ्यावर नजर ठेवलीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली. शेजारणीला सांगितलं, माहेरी आईला बरं नाही. मुलगा तिला सोडायला गेला आणि तिथूनच कामासाठी परगावी जाणार होता. दारातून निघताना तो एवढंच म्हणाला, "बाबा, ती परत आली नाही तर मी तिच्याकडे जाईन. इथे नाही राहणार."

दार बंद झालं. काकांनी आतून कडी घातली. डोक्यातला संशय अजून ताठ उभा होता. बरं झालं, त्यांना वाटलं, आता खरं-खोटं होईल. त्यांनी पडदा आणि मोबाइल शेजारी धरून पाहिलं, आकडा पाठ केला आणि दिवसभर कॉम्प्युटरला स्वतःही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या पुन्हा ताडून पाहिलं. जवळजवळ पाऊण मिनिट कमी झालं होतं.

कडी तशीच होती. माऊस ओरखड्याला चिकटलेला होता. काका खुर्चीत बसले. बायकोची खुर्ची होती ती; मांडीखाली कुणाचा तरी शर्ट चुरगळला, तरी त्यांना कळलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी कीबोर्ड ओढला आणि जे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं ते बघितलं. बाहेर वेळ विचारायचं जे काम त्यांनी स्वतः बंद केलं होतं, ते चालू होतं. मध्ये कधीतरी मोठं अपडेट आलं होतं आणि त्याने बंद केलेल्या चार गोष्टी आपल्या आपण परत सुरू केल्या होत्या. हे असं होतं, हे काकांनी ऑफिसात पन्नास लोकांना सांगितलं असेल.

पण मग दहा मिनिटं एकदम का गेली नाहीत? तेही तिथेच दिसलं. कॉम्प्युटर घरी आणला त्याच दिवशी काकांनी सवयीने त्याला ऑफिसचा नियम घालून दिला होता: घड्याळाला कधीही झटका द्यायचा नाही, चूक हळूहळू भरून काढायची.

तो नियम त्यांना एका जादा सेकंदाने शिकवला होता. पृथ्वी फिरताना थोडी मागे पडते, म्हणून काही वर्षांतून एकदा साऱ्या जगाच्या घड्याळांत एक सेकंद वाढवतात. असाच एकदा वाढवला तेव्हा मशीनरूममधली अर्धी यंत्रं बिथरली. साठाव्या सेकंदानंतर मिनिट का संपत नाही तेच त्यांना कळेना. काही तोच सेकंद दुसऱ्यांदा मोजून आधीचं काम नंतर झालं म्हणू लागली, काही नुसतीच तापत राहिली, पंखे बोंबलू लागले. काका दोन दिवस घरी आले नव्हते. आले तेव्हा बायको म्हणाली होती, "एका सेकंदासाठी दोन दिवस? मग माझ्या दहा मिनिटांचं कौतुक कधी करणार?" पुढच्या वेळी काकांनी तो सेकंद अख्ख्या दिवसावर पसरून दिला. प्रत्येक सेकंद केसभर लांब केला. एकाही यंत्राला पत्ता लागला नाही. साहेबांनी पाठ थोपटली होती.

घरचं यंत्र तेच करत होतं. किंचित हळू चालून, कुणाला कळू न देता, ते बायकोची मिनिटं फेडत होतं.

काकांनी सुनेच्या माहेरी फोन लावला. विहीणबाईंनी उचलला.

"तिला जरा देता का?"

"कपडे वाळत घालतेय." आवाज कोरडा होता.

"थांबतो मी."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बादली सरकली, कुणीतरी कुजबुजलं. काका थांबून राहिले.

"बोला," सून म्हणाली.

"तू नव्हतीस," ते म्हणाले. "यंत्रच करत होतं. मीच तसं शिकवलं होतं त्याला." मग ते पुढे म्हणाले, "मी वाईट बोललो. तू तिचं सगळं केलंस. मी बघत होतो, पण बोललो नाही कधी."

"जेवलात का?" तिने विचारलं.

"दूध-पाव खाल्ला."

"दोन्ही वेळा?"

"हो."

"उद्या येते," ती म्हणाली. "पण माऊसवर पहारा असेल तर आत्ताच सांगा."

ती आली. चप्पल काढायच्या आधी तिने पडद्याकडे पाहिलं. "किती राहिली?"

"चारच्या आसपास."

"मग थांबवा ना! आहेत तेवढी तरी राहू देत."

"तिने दहा लावली होती. चार ठेवा असं नव्हती म्हणाली."

"मग परत दहा लावा."

"लावता येतील. आत्ता लागतील." काकांनी कपाळ चोळलं. "पण मी लावली तर मला ती खोटी वाटतील. तिची कधी वाटली नाहीत."

सुनेने खुर्चीवरचे कपडे उचलले आणि विचारलं, "चष्मा परत खिडकीत ठेवू?"

"नको. धूळ बसते."

शेवटची मिनिटं कधी संपली ते काकांनी पाहिलं नाही. पाहायचं नाही असंही ठरवलं नव्हतं. त्या आठवड्यात नळ गळत होता आणि ते आणि सून प्लंबरच्या मागे लागले होते.

एका सकाळी परगावाहून परतलेला मुलगा पडद्याकडे नजर टाकून, घड्याळ पुढेच आहे, अजून वेळ आहे म्हणून, निवांत चहा पिऊन खाली उतरला. थोड्या वेळाने जिन्यात त्याचीच पावलं परत वर आली. तो दारात उभा राहिला, पिशवी खांद्यावर तशीच.

"बस गेली," तो म्हणाला. "बाबा, हे घड्याळ..."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

मुलाने पडद्याकडे पाहिलं. मग तो उंबऱ्यातच खाली बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. सुनेने उरलेला चहा गरम करायला ठेवला. तो उकळेपर्यंत कुणीच कुणाला आवरायला सांगितलं नाही.