डॅशबोर्डमागची टकटक

गॅरेजवर पाटी होती, पण पाटीवरचं नाव कोणी घेत नसे. सगळे म्हणत, "कानसेनांकडे टाक गाडी." तानसेन नाही तर निदान कानसेन तरी व्हावं म्हणतात, तसे धाकटीचे बाबा गाड्यांच्या बाबतीत कानसेन झाले होते. गाडी फाटकातून आत येते न येते तोच ते खुर्चीवर बसल्या बसल्या सांगत, पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, किंवा सायलेन्सरला भोक पडलंय. कधी लहर आली तर हळूच म्हणत, "मालक बायकोशी भांडून आलेले दिसतात. दार केवढ्याने आपटलं बघ."

धाकटी म्हणजे त्यांची मुलगी. थोरला भाऊ शिकून लांब नोकरीला लागला आणि हिने शाळा संपल्या संपल्या हातात पाना घेतला, तो कायमचा. आता तिच्या केसांत पांढरं डोकावू लागलं होतं, पण घरात धाकटी म्हणून गॅरेजातही धाकटीच. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून बाबा गाडीखाली जात नसत. हात तिचे आणि कान त्यांचे, असा दोघांचा कारभार चालला होता.

एके दिवशी सकाळी नर्सबाई आपली गाडी घेऊन आली. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती जखमा बांधायची, इंजेक्शनं द्यायची. मागच्या सीटवर पट्ट्यांचे डबे, कापूस, औषधं असं सगळं रचलेलं असे. ती गाडी म्हणजेच तिचा दवाखाना होता.

"डॅशबोर्डच्या मागे काहीतरी टकटक करतंय," ती म्हणाली. "दिवसभर माणसांची गाऱ्हाणी ऐकते, आता गाडीनेही सुरू केलंय."

"सारखा येतो का आवाज?" धाकटीने विचारलं.

"नाही. चावी फिरवली की थोडा वेळ येतो आणि थांबतो. मग मध्येच कधीतरी पुन्हा."

बाबा काठी टेकत आले आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले. डोळे मिटले. ते ऐकायला बसले की गॅरेजात कोणी हातोडीसुद्धा उचलत नसे. धाकटीने चावी फिरवली. टक, टक, टक, टक. मग सगळं शांत.

"थांबला," नर्सबाई खिडकीतून त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली.

"कुठे थांबला?" बाबांनी डोळे न उघडताच विचारलं. "बारीक झालाय, पण चालू आहे. एकसारखा. रिले आहे हा. वीज चालू-बंद करणारी डबी असते ना, ती आत सारखी उघडमीट करतेय."

धाकटीने डॅशबोर्डला कान लावला. तिला काही ऐकू आलं नाही. पण बाबांना ऐकू येतं ते आपल्याला येत नाही, हे ती लहानपणापासून धरूनच चालली होती. त्यात कमीपणा वाटावा असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

तो सगळा दिवस तिने रिले काढण्या-घालण्यात घालवला. एक बदलून बघितला, दुसरा बदलला, सगळे बदलले. चावी फिरवली की टकटक होतीच. बाबा घरी गेल्यावर ती एकटीच गाडीत बसून राहिली. वैतागून तिने गरम-थंड हवेचं बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरवलं, आणि टकटक सुरू झाली. उलट फिरवलं, पुन्हा टकटक. मग तिने समोरचा कप्पा खोलून बाजूला ठेवला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना एक छोटीशी मोटर लागली, हवेची झडप फिरवणारी. ती प्रत्येक टकटकीबरोबर आतून ढुशा देत होती. बाहेर काढून उघडली तर आतल्या प्लॅस्टिकच्या चाकाचा एक दाता तुटलेला. चाक फिरायचं, तुटक्या दात्यापाशी घसरायचं, पुन्हा जोर करायचं. एवढंच दुखणं होतं.

आवाज सापडला याचा तिला आनंद झाला, पण तो धड अंगाला लागला नाही. बाबा चुकले होते, आणि बाबा चुकले की काय करायचं हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवी मोटर बसवून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, रिले खराब होताच. पण ही मोटरही गेली होती."

बाबांनी ते चाक हातात घेऊन अंगठ्याने चाचपलं. "बघू. चालव गाडी."

दोघं पाण्याच्या टाकीपर्यंत एक फेरी मारून आली. रस्ता गुळगुळीत होता आणि गाडी मांजरीसारखी चालली होती. बाबांनी डॅशबोर्डवर पंजा ठेवला होता.

"अजून वाजतंय," ते म्हणाले.

"नाही वाजत बाबा. मी कधीची ऐकतेय."

"तुझे कान अजून कच्चे आहेत."

तिने गाडी गॅरेजकडे वळवली. संध्याकाळी घरी आईपाशी तिने विषय काढला, तर आईचं दुसरंच रडगाणं सुरू झालं. "त्यांना दोनदा विचारलं, चहा टाकू का. हूं नाही की चूं नाही. गाडीचा खिळा हलला तर कळतो आणि बायको घसा फोडून ओरडते ते कळत नाही. मीही आता बोलायचं सोडलंय. बसू दे गप्प."

नर्सबाई दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न्यायला येणार होती. धाकटी गॅरेजात पोहोचली तेव्हा दार आधीच उघडं होतं. बाबा एवढं अंतर पायी कसे चालून आले कोण जाणे. त्यांनी गाडीचा अख्खा डॅशबोर्ड उतरवून जमिनीवर ठेवला होता. वायरींचे झुबके खाली लोंबत होते. क्लिपा तुटून पायापाशी पडल्या होत्या. ते स्वतः तोंडात टॉर्च धरून, दुखरे गुडघे कसेबसे मुडपून आत वाकले होते. तेवढ्यात फाटकातून नर्सबाई आली, खांद्याला पिशवी लावून.

"बाबा, हे काय करून ठेवलंत?" धाकटीचा आवाज चढला. "गाडी झाली होती. यांचे पेशंट वाट बघत असतील. तुमच्याकडून एकदा चूक झाली, तर झाली म्हणायचं. त्यासाठी दुसऱ्याच्या गाडीचं मातेरं करायचं का?"

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी अशी बोलली नव्हती, तीही गिऱ्हाइकासमोर. बाबांनी तोंडातला टॉर्च काढला. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"वाजतंय, धाकटे. आत्तासुद्धा वाजतंय."

"काय वाजणार? बॅटरीची वायर तुम्हीच काढून ठेवलीये. गाडीत वीज तरी आहे का?"

बाबांनी वळून बॅटरीकडे पाहिलं. वायर खरंच बाजूला काढून, चिंधीत गुंडाळून ठेवलेली होती. डॅशबोर्डला हात लावण्याआधी हे करायचं, असं त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"मग मला का ऐकू येतंय?" ते म्हणाले.

नर्सबाईने पिशवी खाली ठेवली, बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काका, पाणी देऊ का?" ते हलले नाहीत. तिने पुन्हा विचारलं. ते बॅटरीकडेच बघत होते. नर्सबाईने धाकटीकडे पाहिलं. परवापासूनचं आणि त्याही आधीचं बरंच काही धाकटीच्या ध्यानात येऊ लागलं.

नर्सबाई समोर येऊन त्यांच्यापाशी उकिडवी बसली. "काका, हा आवाज घरी पण येतो का?"

त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. मग मान डोलावली. "आधी वाटलं, भिंतीवरचं घड्याळ आहे. म्हणून त्यातला सेल काढून टाकला."

"कधी?" धाकटीने विचारलं.

"झाले बरेच महिने. तुझी आई म्हणत होती, घड्याळ बंद पडलंय. मी म्हटलं, बघतो."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

बाबांनी हातातला टॉर्च बंद केला. "काय सांगू? कानसेनांना ऐकू येत नाही म्हणून?"

धाकटीने नर्सबाईला स्वतःच्या गाडीची चावी दिली आणि पेशंटकडे पाठवलं. मग दोघं बापलेक डॅशबोर्ड जोडायला बसली. ती हात पुढे करी आणि ते बरोबर हवा तोच स्क्रू तिच्या तळव्यावर ठेवत. मघाशी आपण काय काय बोललो ते तिला आठवत होतं. त्यातलं किती त्यांच्यापर्यंत पोहोचलं असेल, हे विचारायचा धीर तिला झाला नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. जन्मभर घणाचे घाव आणि इंजिनांची घरघर ऐकून कानाच्या आतल्या नसा झिजल्या होत्या. बाहेरचं कमी ऐकू यायला लागलं की काही जणांच्या डोक्यात असा आपोआप आवाज सुरू होतो, तो जाईलच असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. यंत्र लावलं की समोरच्याचं बोलणं बरंचसं कळेल.

"बेअरिंगचा आवाज कळेल?" बाबांनी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न नीट समजला नाही. धाकटीने समजावून सांगितला नाही.

घरी आईला सगळं कळलं तेव्हा ती हातातलं काम टाकून खाली बसली. "मला सोंग वाटलं गं," ती म्हणाली. "मुद्दाम करतात वाटलं. किती दिवस अबोला धरला मी, आणि त्यांना तो कळलासुद्धा नसेल." त्या दिवसापासून ती त्यांच्या समोर बसून, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. बाबा मान डोलवत. कधी भलत्याच ठिकाणी डोलवत, पण ती त्यांना टोकत नसे.

यंत्र लावून बाबा एकदाच गॅरेजात आले. चालू इंजिनापाशी उभे राहिले, थोडं वाकले आणि लगेच मागे झाले. "पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "सगळ्याच गाड्या सारख्या वाजतायत." त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि ते घरी गेले. गिऱ्हाइकं विचारत, कानसेन कुठे दिसत नाहीत? धाकटी म्हणे, बरं नाही जरा. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं.

पुढे एक जुनी गाडी आली. इंजिनात ठोका होता, पण कशाचा ते तिला नक्की ठरवता येईना. दुपारी ती घरी गेली. बाबा खिडकीपाशी बसले होते. तिने समोर बसून अडचण सांगितली.

"मला बरं वाटावं म्हणून विचारतेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. खरंच अडलंय."

ते थोडे पुढे सरकले. "सांग मग. कसा येतोय?"

"ठक-ठक असा."

"ठक-ठक शंभर तऱ्हेचं असतं. लाकडावर मारल्यासारखं की लोखंडावर? भरीव की पोकळ?"

धाकटीने सांगायचा प्रयत्न केला. तोंडाने आवाज काढून पाहिला, मग टेबलावर बोटाने ठोकून पाहिलं. बाबा तिच्या बोटाकडे बघत होते, भुवया आकसून, सगळा जीव डोळ्यांत आणून. तिने पुन्हा ठोकलं, जरा जोरात. त्यांनी मान हलवली.

"नाही कळत," ते म्हणाले. "माझ्या आतलं मध्ये मध्ये येतंय."

त्यांनी कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं आणि तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "जा. गिऱ्हाईक खोळंबलं असेल."

ती गॅरेजात परत आली. बॉनेट उघडून इंजिन चालू केलं. मग डोळे मिटून, कोणाला काही न विचारता, ती ऐकत उभी राहिली.