कोथिंबिरीचं यंत्र

माझा आवाज लहानपणापासून बारीक. स्तोत्र देवाला ऐकू गेलं की झालं, असं मला वाटायचं. आणि यांना ऐकू येत नाही. मिलमध्ये बावीस वर्षं मागांच्या खडखडाटात फिटरचं काम केल्यावर कुणाला येणार? समोर उभं राहून बोललं की ओठांवरून यांना सगळं कळायचं. पाठीमागून बोललं तर भिंतीशी बोलल्यासारखं. हे मला पुरतं माहीत होतं, ते आधीच सांगून ठेवते.

मिलला कुलूप लागलं तरी हे कित्येक दिवस सकाळी सायकल काढून फाटकापर्यंत जाऊन येत. मग तेही सोडलं. घरी बसले. एक दिवस मी विळीवर कोथिंबीर चिरत होते, हे समोर बसून बघत होते.

"चेचतेस तू," हे म्हणाले. "रस ताटाला आणि चोथा आमटीला."

"विळीला धार नाही."

"धारेचं काम नाही ते. चालीचं आहे."

तेवढ्यावर यांचं डोकं फिरायला लागलं. मागच्या अंगणात जुन्या करवतीच्या पात्यांच्या आठ गोल चकत्या घासल्या, एका दांड्यावर ओवल्या, वर पितळी पेटी, बाजूला शिसवी मूठ. तीन-चार महिने गेले. एका तोंडाने जुडी घालायची, मूठ फिरवायची, की दुसरीकडून केसासारखी बारीक कोथिंबीर पडायची, कोरडी. बोटं ओली होत नव्हती. पहिल्यांदा चिरली तेव्हा यांनी चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "छान आहे हो," मी म्हटलं. हे हसले. चौदा महिन्यांनी हसले.

पुदिना, शेपू, मेथी, सगळं त्यात व्हायचं. यंत्र घेऊन हे आधी जुन्या इंदूरला पोहेवाल्याकडे गेले. त्याने बघितलं, सुरी उचलली आणि यांची जुडी संपायच्या आत दोन जुड्यांचा ढीग घातला. "संताजी भिया, मशीन एक नंबर आहे," तो म्हणाला, "पण माझा हात फुकटात चालतो." हे घरी येऊन मलाच त्याची नक्कल करून दाखवत होते. वाईट वाटलं नाही यांना. म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. हे घरातल्या बायकांसाठी आहे."

त्याच आठवड्यात शहरातल्याच पलासिया भागातून निरोप आला. कॉम्प्युटर शिकवणारा एक नवा क्लास निघाला होता, त्याच्या दाराशी चौकीदार हवा होता. खाकी कपडे, काठी. सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचं.

"फिटर माणसाने काठी धरून दार उघडायचं?" हे म्हणाले.

शेजारच्या मंगलाने वाट काढली. अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला अरुंधतीबाईंचं महिला मंडळ होतं. दिवाळीच्या प्रदर्शनात त्यांचं दुकान लागायचं. बायकांना यंत्र आवडलं तर पन्नास नग करून घेऊ, असा त्यांचा निरोप आला. शनिवारी अकरा वाजता मंडळाच्या सभागृहात सगळ्या जमणार होत्या, तेव्हा येऊन दाखवा. पन्नास नग म्हणजे हाताला काम, आणि पलासियाला नाही म्हणून कळवायची सोय.

मी पंचांग बघितलं. शनिवारी नागपंचमी. सगळ्या जमणार होत्या त्या फेर धरायला.

नागपंचमीला आमच्याकडे चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत. माझा एकुलता भाऊ विषमज्वरातून उठला, तेव्हा आईने माझ्याकडून पाण्यात हात घालून हा नेम घेववला होता. तेव्हापासून त्या दिवशी मी देठसुद्धा मोडला नव्हता. आणि त्या सभागृहात एकही बाई अशी नसणार, जिच्यासमोर त्या दिवशी पातं चाललेलं चालेल.

हे अंगणात पाठमोरे बसून चकत्यांना तेल देत होते. तोंडाने शीळ घालत होते, स्वतःला ऐकू न येणारी. मी दारात उभी राहिले.

"अहो, शनिवारी नागपंचमी आहे," मी म्हटलं.

नेहमीच्या आवाजात म्हटलं. पाठीला म्हटलं. शीळ थांबली नाही. मी आत गेले, देवापाशी निरांजन लावलं आणि मनाशी म्हणाले, सांगितलं मी. आता तू बघ.

शुक्रवारी भावाचा उपवास केला. माझे उपवास इतके, की यांच्या ध्यानात येत नाहीत. शनिवारी हे उजाडताच ताजी कोथिंबीर आणायला मंडईत गेले आणि तिथून परस्पर सभागृहात. मी मागे नाग पुजला, दूध-लाह्या वाहिल्या, पुरणाचे दिंड उकडले आणि मंगलाबरोबर निघाले.

सभागृहात बायकांच्या हातांवर मेंदी होती. बाहेर रस्त्यावर गारुड्याची पुंगी वाजत होती, सगळ्यांना ऐकू येत होती. हे इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी उभे होते. पांढऱ्या फडक्यावर यंत्र, शेजारी पाण्याने शिंपलेली जुडी.

मला बघून यांचा चेहरा उजळला. "ही दाखवेल," हे सगळ्यांना मोठ्याने म्हणाले. "बाईच्या हाताने फिरतं की नाही, ते बाईनेच दाखवावं. ये गं. फिरव."

मी टेबलापाशी गेले. हात पदराखाली घेतले.

"अगं, फिरव ना."

मी पुटपुटले काहीतरी. माझी मान खाली होती, ओठ यांना दिसले नाहीत. यांनी कानामागे हात धरला, तसा कधी चारचौघांत धरत नसत. मग मला मान वर करावी लागली. आयुष्यात कधी ओरडले नव्हते, ती मी परक्या वीस-पंचवीस बायकांसमोर ओरडले, "आज नागपंचमी आहे हो!"

यांनी जुडीकडे बघितलं. मग बायकांच्या हातांवरच्या मेंदीकडे.

"अहो संताजी, आम्हाला वाटलं तुम्ही नुसतं दाखवायला आणलंय," अरुंधतीबाई म्हणाल्या. "आज पातं नको चालवायला. कापू नका, असंच फिरवून दाखवा."

यांना ते कळलं. जुडी बाजूला ठेवून यांनी मूठ धरली आणि रिकामं यंत्र फिरवायला लागले. चकत्या लखलखत फिरत होत्या. हे बोलत होते, "इथून घालायची. इथून पडते. अशी बारीक पडते." पडत काहीच नव्हतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊजी, हवा चिरताय काय?"

सगळ्या हसल्या. वाईट मनाने नाही, सणाचा दिवस होता. यांना ऐकू आलं नाही. बायका हसताहेत एवढं दिसलं, आवडलं असेल असं वाटलं, आणि हेही हसले. मूठ आणखी जोरात फिरवली.

मी ते बघितलं.

मंगलाने कुणाला तरी डोळ्यांनी दटावलं. तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं, आणि यांचं हसू उतरलं. हात थांबला. चकत्या आपसूक थोडा वेळ फिरत राहिल्या. अरुंधतीबाई म्हणाल्या, "बघू पुढे, सांगते," आणि कुणीतरी फेराचं गाणं धरलं. यांनी यंत्र फडक्यात बांधलं. जुडी देवळाच्या दाराशी गाईसमोर ठेवली.

घरी आलो. ओट्यावर बसून चपला काढताना विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"मी सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही तेल देत होता तेव्हा."

"समोर येऊन?"

यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, ते हलले नाहीत, तेव्हा मान हलवली आणि आत जाऊन दिंड मागितला. खाल्ला. चांगला झालाय म्हणाले.

अरुंधतीबाईंकडून पुढे काही आलं नाही. मंगला म्हणाली, मीच जाऊन विचारते, पण यांनी नको म्हटलं. सोमवारी हे पलासियाला गेले. खाकी कपडे मापाने मोठे होते, ते मी कंबरेत आत घेतले. नऊ वर्षं यांनी ते दार उघडलं.

यंत्र फडताळात आहे. मी रोज त्यावरच कोथिंबीर चिरते. एकदाही अडकलं नाही. पुढे प्लास्टिकची दोरीची यंत्रं राजवाड्यावर हातगाड्यांवर आली. सुनेने एक आणलं, दोन महिन्यांत मोडलं.

सोमवार, चतुर्थी, एकादशी, माझे नेम चालू आहेत. त्या श्रावणात एक वाढवला, तो कुठल्या पोथीत नाही. रोज सकाळी पंचांग घेऊन मी यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहते आणि मोठ्याने वार, तिथी, सण वाचते. मान हलल्याशिवाय तिथून निघत नाही. आता यांना दिसतही कमी. तरी मी अगदी जवळ जाऊन ओठ सावकाश हलवते. हे मान हलवतात. कळलं म्हणून हलवतात की मी जावं म्हणून, हे मी कधी विचारलेलं नाही.